अण्णांच्या बरोबरच्या खुणा

तेराव्याचे पाहुणे पांगले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सव्वासातला सुकेशनी आली आणि पुढच्या खोलीत, फळ्यासमोरच्या सतरंजीवर, आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसली. राजेश्री दारात दात घासत उभी होती. तिला वाटलं, पोरगी भेटायला आली असेल. दोन मिनिटं बसेल, डोळे पुसेल आणि जाईल. सुकेशनीनं दप्तरातून वही काढली, वर तारीख टाकली, खाली पट्टी लावून रेघ मारली आणि फळ्याकडं बघत बसली.

राजेश्री चूळ भरून आत आली. "अगं, अण्णा आता..."

"व्हय ताई. मी आलते ना मातीला," सुकेशनी म्हणाली. "पर सर म्हणायचे, परीक्षेपस्तोर खंड पडू द्यायचा न्हाई. कुणी मेलं तरी."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. ते शेवटचे तीन शब्द अण्णांचेच होते, राजेश्रीनं ते लहानपणापासून ऐकलेले. तिला हसायलाही येईना आणि रडायलाही.

"चहा घेतेस का?" एवढंच ती म्हणाली.

अण्णा, म्हणजे बन्सीधर सर, कॉलेजातून रिटायर झाले आणि त्यानंतर अकरा वर्षं सेलूतल्या आपल्या घरी पुढच्या खोलीत फिजिक्स शिकवत राहिले. बारावीचं, सीईटीचं, नीटचं. दरवर्षी पाच-सहा पोरं, जास्त नाही. यंदाच्या पाचांपैकी चार जण संक्रांतीपर्यंत गळाले. कुणी लातूरला गेलं, कुणी मोबाईलवरच्या क्लासला लागलं. उरली ती सुकेशनी, वालूरकडून सकाळच्या एसटीनं येणारी. तिचं हे दुसरं वर्ष होतं. बायोलॉजी, केमिस्ट्री ती एकटीनं करायची आणि चांगलं करायची. अडलं होतं ते फिजिक्सवर. एकशे ऐंशीपैकी शंभरच्या पुढं गेली तर सरकारी मेडिकलला नंबर लागण्यासारखा होता. तिचे वडील सिद्धोधन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलीला दोन वर्षं दिली, तिसरं देणार नाही, यंदा न्हाई झालं तर गुमान बी.एस्सी.ला जायचं, हे त्यांनी सरांसमोरच सांगून ठेवलं होतं. परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होती. मार्च लागला होता.

राजेश्री पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती, शिक्षणानं इंजिनिअर. दहा दिवसांच्या रजेवर आली होती, मग आईसाठी म्हणून घरूनच काम करायची परवानगी काढली. कंपनीचं काम दहाला सुरू व्हायचं. सव्वासात ते साडेनऊ वेळ होता. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर फळ्यासमोर कुणी बसलेलं असलं की घर थोडं घरासारखं वाटत होतं.

पण आठवड्याभरात ती बेजार झाली. सुकेशनी ढ नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. तिचा त्रास एकच होता: तिला सगळं पटायचं. राजेश्रीनं फळ्यावर काही लिहिलं की ती उतरवून घ्यायची. "समजलं?" म्हटलं की "व्हय ताई." "काही शंका?" "न्हाई ताई." "हे दुसऱ्या रीतीनं करता येईल का?" तर "तुमी म्हणालाव तसं." भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत तरी येतो. इथं चेंडू आत जिरून जात होता.

पहिल्या रविवारी राजेश्रीनं वेळ लावून सराव परीक्षा घेतली. फिजिक्समध्ये एकाहत्तर मार्क पडले.

"दिवाळीच्या आधी किती होते?"

"एकशे बारा," सुकेशनी म्हणाली.

"मग हे काय? खाली कशी आलीस?"

"करते ताई अजून."

"अगं करते म्हणजे काय करतेस? कुठं चुकतंय ते सांग ना."

सुकेशनी वहीवर बोट फिरवत राहिली. नेमकी त्या वेळी आईनं आतून हाक मारली, "अगं, पोरीला खायला तरी काई दे, सकाळपून वरडायलीस तिच्यावर," आणि तो विषय तिथंच राहिला.

त्या दुपारी राजेश्रीनं सुकेशनीची वही ठेवून घेतली आणि कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात अण्णांनी पोरांच्या पुस्तकांतून फाडून घेतलेली उत्तरांची पानं असायची. ही त्यांची जुनी रीत होती. पोरगं पहिल्या दिवशी नवं गाईड घेऊन आलं की अण्णा मागची उत्तरांची पानं पट्टी धरून हलकेच फाडायचे, वर नाव लिहायचे आणि डब्यात टाकायचे. उत्तर बरोबर की चूक, ते पुस्तक नाही सांगणार, आपण बोलून ठरवायचं. पोरानं गणित करायचं, वही घेऊन पुढं यायचं, अण्णा बघायचे आणि लाल पेनानं बरोबरची खूण करायचे. ती खूण झाली की विषय संपला. पूर्वी त्या खुणेसाठी पोरं भांडायची.

राजेश्री एकेक पान ताडून बघू लागली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ठीक होतं. ऑक्टोबरात एक-दोन चुका, त्या कुणाच्याही होतील. नोव्हेंबरच्या अठरा तारखेचं एक गणित होतं: साठ किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वेग घेत खाली निघते, काटा किती दाखवेल? सुकेशनीनं आधी कमी दाखवलं होतं, चारशे ऐंशी न्यूटन. ते खोडून बाजूला अण्णांच्या अक्षरात सातशे वीस लिहिलं होतं. म्हणजे लिफ्ट खाली निघाल्यावर माणूस जड झाला. आणि पुढं ती ठसठशीत लाल खूण.

तिथून पुढं चुका वाढत गेल्या. डिसेंबरात पानाला एक. जानेवारीत तीन, चार. अक्षर तेच, सुबक. खुणा तशाच, शेपटी वर ओढलेल्या.

ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. नर्मदाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, अण्णांचं कधीपासून असं व्हायला लागलं होतं?"

"कसं?"

"गणितं चुकत होती त्यांची. साधी साधी."

"मला काय कळायलंय बाई त्या गणितातलं." नर्मदाबाईंचे हात थांबले नाहीत. "एक दिवशी आंगोळ करून आले, कपडे घातले, अन् परत टावेल घेऊन मोरीत गेले. तेवढं कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस? रोज फोन करत होते मी!"

"काय सांगू? तुझ्या बापानं दोनदा आंगोळ केली म्हणून सांगू? अन् ते म्हणले होते, राजीला सांगू नको. तिला तकलीफ व्हती." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुला ते फोन करायचेच की. तू बोलतच होतीस."

फोन करायचे. दसऱ्यापासून दुपारी मधेच अण्णांचा फोन यायचा. कसं काय, जेवलीस का, असलं काही नाही. "राजी, कागद घे. लिही. धरणाच्या भिंतीची उंची अमुक..." राजेश्रीला वाटलं, म्हातारपणी पुन्हा आपली परीक्षा घेण्याची हौस आली. पहिल्या वेळी तिनं हसत उत्तर सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगितलं. चौथ्या की पाचव्या वेळी ती म्हणाली, "अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे. माझ्या परीक्षा संपल्या आता." ते म्हणाले, "बरं बरं. ठेव." त्यानंतर फोनवर गणित कधी आलं नाही.

ती पुढच्या खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी बसायच्या आतच राजेश्रीनं वही तिच्यासमोर उघडून धरली.

"हे गणित बघ. तुझं उत्तर बरोबर होतं. सरांनी चूक केलं. तुला दिसलं नाही?"

सुकेशनीनं वहीकडं बघितलं. मग म्हणाली, "दिसलं, ताई."

"दिसलं? मग?"

तिनं दप्तरातून खाकी कव्हरची दुसरी वही काढली. वर लेबल नव्हतं. आत तेच सगळे प्रश्न, त्याच तारखा, आणि प्रत्येक चुकलेलं गणित पुन्हा सोडवलेलं. लातूरला गेलेली तिची मैत्रीण साक्षी आपल्या पुस्तकातल्या उत्तरांचे फोटो पाठवायची. सुकेशनी इथं अण्णांचं उतरवून घ्यायची, खूण करून घ्यायची आणि घरी जाऊन सगळं मुळापासून परत करायची. एकच काम दोनदा. तीन महिने.

"अगं, सांगायचं नाही का त्यांना?"

"कसं सांगू ताई? सर होते ते." ती खाली बघून बोलत होती. "आमच्यातल्या लिंबाजीनं सांगितलं होतं एकदा. सगळ्यांसमोर. सर, हे चुकायलंय म्हणला. सरांनी फळा पुसला, परत केलं, परत तेच आलं. मग सर हातात खडू धरून लय वेळ नुसते उभेच राहिले. लिंबाजी दुसऱ्या दिवशीपून आला न्हाई. मग एकेक करून सगळेच गेले. मी म्हणलं, मीबी बोलले तर सर शिकवणंच बंद करतील."

"म्हणून तू चुकीच्या गणितावर खूण करून घेत बसलीस?"

"खूण करताना सर खूश असायचे, ताई."

"आणि तुझे मार्क? एकशे बाराचे एकाहत्तर झाले, ते कुणाला खूश करायला?"

राजेश्री रागानं खाकी वहीची पानं उलटत गेली. फेब्रुवारी संपला. पानं संपली नाहीत. मार्चची तीन तारीख. मार्चची पाच.

"ह्या तारखा तर माझ्या आहेत," ती म्हणाली.

सुकेशनीनं सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळला.

शंभर वॅटचा आणि साठ वॅटचा, असे दोन दिवे एकामागे एक, मालिकेत जोडले. जास्त उजेड कुणाचा? राजेश्रीनं त्या दिवशी मागं वळूनही न बघता सांगितलं होतं, शंभरचा, उघड आहे. खाकी वहीत नीट मांडून लिहिलं होतं: मालिकेत प्रवाह दोघांतून सारखाच, साठच्या दिव्याचा रोध जास्त, म्हणून साठचा. त्याखाली आणखी एक. मग आणखी. आठवड्याभरात सात चुका. बन्सीधर सरांची मुलगी असल्याच्या तोऱ्यात तिनं उत्तरांचा डबा काल दुपारपर्यंत उघडलाच नव्हता.

तिची कानशिलं तापली. स्वतःची लाज वाटली म्हणून तापली, पण बोलणं बाहेर पडलं ते पोरीवरच. "मी काय तुझी सर आहे का? मी तर कोणीच नाही. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी दुःखात आहात, ताई."

राजेश्री उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्या दिवशी तिनं परभणीच्या दोन क्लासला फोन लावून पाहिले. आता नवीन कुणाला घेत नाही, म्हणाले. अभ्यासक्रम संपला, फक्त सराव परीक्षा चालू आहेत. सुकेशनीला विचारलं तर ती म्हणाली, "मी इथंच येते." म्हणजे जे काही व्हायचं ते याच सतरंजीवर.

राजेश्रीनं उत्तरांची पानं सुकेशनीच्या पुस्तकात डिंकानं परत चिकटवली. अण्णांच्या रीतीवर हात टाकताना तिला कसंसंच झालं. मग नियम केला: मी चुकले की तिथल्या तिथं अडवायचं. मोठ्यानं. वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही.

"व्हय ताई," सुकेशनी म्हणाली, आणि काहीही बदललं नाही.

राजेश्री मुद्दाम चुका करू लागली. उणेच्या जागी अधिक लिहिलं. सुकेशनीनं उतरवून घेतलं. पावसाळ्यात आवाज आधी ऐकू येतो आणि वीज नंतर दिसते, असं सांगितलं. तिनं पेन क्षणभर उचललं आणि मग तेही लिहिलं.

"काय लिहिलंस? वाच."

तिनं वाचलं.

"तुमच्या वालूरला असं होतं?"

"न्हाई."

"मग का लिहिलंस?"

"तुमी म्हणालाव, ताई."

राजेश्रीनं खडू खिडकीतून बाहेर भिरकावला. अंगणातून नर्मदाबाई म्हणाल्या, "माझ्या वाळवणात पडला की गं." एप्रिल लागला. पुढची सराव परीक्षा, ब्याऐंशी. त्याच्या पुढची, चौऱ्याऐंशी. घरी ती बरोबर करायची, इथं चुकीचं लिहून घ्यायची, आणि परीक्षेत दोन्ही उत्तरं डोळ्यासमोर आली की तिचा हात अडायचा. उत्तरपत्रिकेवर गोल काळा करायला तिला कुणाची तरी मान हललेली लागत होती. परीक्षेच्या खोलीत ती कोण हलवणार होतं?

एका सकाळी राजेश्रीनं शिकवायला सुरुवात केलीच नाही. फळ्याला पाठ टेकून ती सतरंजीवर सुकेशनीसमोर बसली.

"सर मला फोन करून गणितं घालायचे," ती म्हणाली. "दसऱ्यापासून. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. तसं नव्हतं. त्यांना आपलं उत्तर ताडून बघायचं होतं. म्हणजे आपलं काहीतरी बिघडायलंय हे त्यांना कळलं होतं, सुकेशनी. लिंबाजी बोलायच्याही आधी. त्यांना कुणीतरी चूक म्हणायला पाहिजे होतं. मी फोन ठेवला, आणि तू मान हलवत बसलीस. आपण दोघींनी त्यांना एकटं सोडलं. मी कंटाळून. तू मायेनं."

सुकेशनीचं तोंड उतरलं. "मला वाटलं, त्यांना बरं वाटंल," ती म्हणाली. मग, "जानेवारीत एकदा ते म्हणले होते. सुकेशनी, नीट बघ, घाई करू नको. असं दोनदा म्हणले. मी म्हणले, बरोबरे सर."

त्या दिवशी शिकवणं झालं नाही. ती लवकरच्या बसनं गेली. राजेश्रीला वाटलं, आपण फार बोललो. उद्या येणार नाही ही.

ती आली. सव्वासातला, नेहमीच्या जागी. खाकी वही मात्र आणली नव्हती. त्या रविवारी चौऱ्याण्णव पडले. चौऱ्याण्णव म्हणजे अजून नाहीच. परीक्षेला चौदा दिवस राहिले.

सोमवारी राजेश्रीनं पंचेचाळीस प्रश्नांचा संच घेतला. एकेक वाचायचा, बोलायचं, पुढं जायचं. चौथा प्रश्न असा होता: तळ्यात होडी आहे, होडीत दगड आहेत. दगड उचलून तळ्यात टाकले. तळ्यातल्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील?

"तेवढीच," राजेश्री वाचता वाचताच म्हणाली. "दगड आधी होडीत होते, आता पाण्यात आहेत. वजन कुठं गेलं नाही. पाचवा..."

"थांबा."

राजेश्रीनं वर बघितलं.

"कमी व्हईल," सुकेशनी म्हणाली.

"कमी कशी होईल? दगड पाण्यात टाकल्यावर पाणी वर चढतं की उतरतं?"

"ते नुसतं टाकलं तर. इथं दगड आधीच पाण्याला ढकलायलेत ना, होडीतून."

"मग तेच म्हणतेय मी. आधीही ढकलत होते, आताही ढकलतात. तेवढीच."

"तेवढंच न्हाई ढकलत. होडीत आहेत तवर त्यांच्या वजनाएवढं पाणी ढकलतेत. तळाला गेले की नुसतं त्यांच्या आकाराएवढं. दगड जड असतो, आकार लहान असतो."

"अगं पण तळाला गेलेल्या दगडाचं वजन काय हवेत गेलं?"

"ते तळावर आलं ना! जमिनीनं धरलं की!"

"सुकेशनी, मी इंजिनिअर आहे."

"असा ना. पर हे चुकलंय तुमचं."

आवाज चढले होते. नर्मदाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "काय भांडायलाव गं दोघी? शेजारचे बघायलेत."

"काकू, मोठा डबा हाय का? आरपार दिसणारा?" सुकेशनी उठून उभी राहिली होती. या घरात तिनं आजवर पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

"पोह्याचा हाय. पर त्यात पोहे हायत."

"काढते मी."

पोहे परातीत गेले. पोह्यांच्या डब्यात पाणी आलं. श्रीखंडाचा रिकामा डबा तिनं त्यात तरंगत सोडला, त्यात नर्मदाबाईंनी माळ्यावरून शोधून दिलेलं दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन अलगद ठेवलं, आणि पाण्याच्या कडेला बाहेरून स्केचपेननं रेघ मारली. तिघी डब्याभोवती वाकल्या. पाणी हलायचं थांबायची वाट बघत राहिल्या. आपणच बरोबर असावं असं राजेश्रीला अगदी मनापासून वाटत होतं, आणि त्याचा तिला रागही येत होता.

सुकेशनीनं वजन उचललं आणि डब्याच्या तळाशी सोडलं. श्रीखंडाचा डबा उसळून वर आला. पाणी हेलकावलं, स्थिरावलं, आणि रेघेच्या चांगलं अर्धं बोट खाली राहिलं.

"उतरलं की गं," नर्मदाबाई म्हणाल्या.

राजेश्री खाली वाकून रेघेच्या पातळीवर डोळे आणून बघत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं. शाबास म्हणावं, की माझं कुठं चुकलं ते परत एकदा सांग म्हणावं, हे तिचं ठरत नव्हतं.

सुकेशनी सतरंजीवर जाऊन बसलीसुद्धा होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"ह्याच्यात अठरा मिनटं गेली, ताई. अजून एक्केचाळीस राहिलेत. पुढचं वाचा."

राजेश्रीनं ओले हात ओढणीला पुसले, कागद उचलला, पाचवा प्रश्न काढला.

"अन् उत्तर तुमी आधी सांगू नका," सुकेशनी म्हणाली.